हाडीमाशी

डिसेंबरात सेवेरोद्विन्स्कला सूर्य
साडेदहाला हजेरी लावतो आणि सव्वादोनला पसार होतो.
रेम खारितोनोविच खुर्चीत बसले तेव्हा
खिडकीत अजून रात्रच होती.
वय सत्त्याहत्तर. खाली डावीकडे तीन दाढा नाहीत.
एक गोदीच्या दवाखान्यात उपटली, भूल न देता, जेवणाच्या सुट्टीत.
दुसरी आपणहून पडली.
तिसरीबद्दल ते बोलत नाहीत.

अर्धी कवळी रुमालात बांधून आणली होती.
"बायकोच्या चाळिसाव्या दिवसाला जेवताना
ही ताटात पडली. कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.
हसले असते तर बरं झालं असतं."

मी जबड्याचा फोटो दाखवला.
दाढा आहेत तिथे हाड गच्च उभं,
नाहीत तिथे खचलेलं,
बर्फ वितळल्यावर रस्त्याची कड खचते तसं.
का, म्हणाले.
हाडाला काम लागतं. चावण्याचा भार पोचला नाही
की शरीर हिशेब मांडतं, इथे कुणी राबत नाही,
आणि चुना उचलून दुसरीकडे नेतं.
बराच वेळ गप्प.
मग, "ब्याण्णवमध्ये मलाही असंच काढलं."

खिळा धरेल एवढं हाडच उरलं नव्हतं.
आधी पूड भरली, टाके घातले, आणि सहा महिने
ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज याग्रीच्या पाइनांतून तासभर चालणं.
सिगारेटवरून आमचं भांडण झालं.
मी जिंकले नाही. ती त्यांनी स्वतःच सोडली,
आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

जूनमध्ये, रात्र होत नाही त्या दिवसांत, मी डबी फोडली.
टायटॅनियमचा खिळा, करंगळीच्या नखाएवढा.
"हात लावू नकोस, पोरी!"
लावणार नव्हतेच. पण ते उठूनच बसले होते.
बावीस वर्षं हाच धातू त्यांनी जोडला,
पाणबुडीच्या कवचाला.
तापलेला असताना त्याला हवा दाखवायची नाही,
वरून आर्गॉन, खालून आर्गॉन.
जोड चांदीसारखा आला तर पास,
गवती पिवळा कधीमधी खपायचा,
निळा पडला की वाया. घामाचं एक बोटसुद्धा कळायचं.
"आणि हा?"
हाही तसाच, मी म्हटलं. तुमच्या रक्ताआधी
कशालाही शिवणार नाही.
मुकादमासारखी मान हलवून ते आडवे झाले.

हाड तापलं तर मरतं, म्हणून गार पाणी सोडत
हळूहळू भोक पाडलं. बधिर ओठांनी ते काही सांगत होते.
बहुतेक वेगाबद्दल.

मग पुन्हा वाट.
यात गोंद नाही, टाका नाही, ठिणगी नाही.
पेशी येतात, चाचपतात, धातूला बिलगून हाड घडवतात.
परकं आहे हे त्यांना कळत नाही,
की कळतं आणि चालतं,
पंधरा वर्षांत मला उमगलेलं नाही.

ऑक्टोबरात किल्ली लावली. जागचा हलला नाही.
दांडीने टकटक केलं. भरीव आवाज.
"पुन्हा वाजव," म्हणाले, आणि डोळे मिटून ऐकलं.

डबी कुठल्या देशाची? स्वीडनची.
"आमच्या पाणबुड्या जोडणाऱ्यांनीच कापल्या.
भंगार जहाजात भरून गेलं. कुठे गेलं?"
मी शुद्धता, दर्जा, दाखले, सगळं समजावलं.
ते हसले. पहिल्यांदाच तोंडावर हात न धरता.
"असेल. पण धातूला पासपोर्ट नसतो."

टोपी चढवून दारापर्यंत गेले, आणि वळले.
मी गेल्यावर हा राहील ना?
राहील. तुमच्याहून पुष्कळ जास्त.
टोपी काढली. परत येऊन खुर्चीत बसले.
"मग जोड एकदा नीट बघून घे."

मी दिवा खाली ओढला.